बोस्कोलो बाईंचा लाल पेला

१७ ऑगस्ट २०१५, सोमवार. दोन युरो पन्नास सेंट.

सकाळी ओत्तोरिनो तिओत्सोने एवढी रक्कम कोर्सो या हमरस्त्यावरच्या बारच्या काउंटरवर ठेवली. कॉफीचे पैसे वेगळे, हे वेगळे. मग बारमालकाच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "संध्याकाळी बोस्कोलो बाई येतील. त्या लाल पितात. त्यांना सांगायचं, पैसे झालेत. कुणी दिले, ते मात्र नाही सांगायचं."

एवढं बोलून त्याचे कान असे तापले की कॉफी अर्धी टाकून तो बाहेर पडला.

दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे गुपचूप भरून जाणं ही आमच्या कियोज्जा गावात रोजची गोष्ट आहे. तुम्ही खिशात हात घालता, बारवाला हनुवटी वर करतो आणि म्हणतो, "झालेत." कुणी दिले ते विचारायचं नसतं, चार दिवसांत कळतंच. मग तुम्ही त्याचे भरता, तो पुन्हा तुमचे भरतो, आणि असं करत माणसं म्हातारी होतात. त्यात कधी कुणाची फिट्टंफाट झालेली मी पाहिली नाही. फिट्टंफाट झालीच तर दोघांचं भांडण झालंय असं लोक समजतात.

चूक ओत्तोरिनोची एवढीच, की तो "बोस्कोलो बाई" म्हणाला.

कियोज्जात अर्धा गाव बोस्कोलो आहे आणि उरलेला तिओत्सो. मी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत हिशेब लिहितो. आमच्या पगारपत्रकात एका वेळी सात सेर्जो बोस्कोलो होते. म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतं आणि ते सरकारदरबारी सुद्धा लागतं. कुणी बोस्कोलो खेकडा, कुणी बोस्कोलो टोपी. ओत्तोरिनो तिओत्सो डुलकी घराण्यातला. त्याच्या पणजोबांना सुकाणू धरल्याधरल्या झोप लागायची.

आता ज्या बाईवर आपला जीव जडलाय तिला चारचौघांत "टोपी" कसं म्हणायचं? आणि नुसतं तिचं पहिलं नाव, "निवेस" म्हटलं तर आपलं बिंग फुटणार. म्हणून त्याने सभ्यपणे आडनाव घेतलं. जुना बारमालक जिल्दो असता तर त्याने फटकन विचारलं असतं, "कुठली रे? माझ्याकडे रोज नऊ येतात." पण जिल्दोने त्याच वसंतात बार विकला होता, आणि नवा मालक लोरिस होता रोविगोचा. रोविगोत माणसाला एकच आडनाव पुरतं. त्याने मान डोलावली.

ओत्तोरिनो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण शाळेत नापास होत होत माझ्याच बाकावर येऊन बसला. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, आणि याला बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीत सुद्धा लागायची. बापाने दोन उन्हाळे वाट पाहिली आणि पोराला मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. पहाटे बोटी निघायच्या आधी त्यांच्या पोटात बर्फाचा चुरा भरायचा, हे काम त्याने निवृत्त होईपर्यंत केलं. त्याच्याशी हात मिळवायला जुलै महिना सोडून कुणी तयार नसे. लग्न केलं नाही. आई शहाण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत त्याला "माझं बारकं" म्हणत राहिली. तिच्यामागे घरात तो, एक आंधळं मांजर, आणि एवढाले तीन फ्रीज.

संध्याकाळी साडेसहाला मात्र तो राजा असे. हातात वाइन-सोड्याचा नारिंगी स्प्रिट्झ, त्यात संत्र्याच्या दोन फोडी, समोर बटाट्याच्या काचऱ्यांची वाटी. ती वाटी तो दोनदा भरून घ्यायचा. आमच्याकडे जेवणाआधीचा हा पेला कडूच असतो, पण कडूचेही प्रकार आहेत. नारिंगी म्हणजे बालवाडी. लाल म्हणजे कडू आणि गोड यांचं बरोबरीचं भांडण. आर्टिचोकच्या भाजीपासून करतात तो काळा, तो तर ज्यांचं कुणाशीच पटत नाही अशा लोकांचा. ओत्तोरिनो चाळीस वर्षं बालवाडीत होता आणि सुखात होता.

निवेस बोस्कोलो लाल प्यायची. तिचं कोर्सोवर बटणं, रिळं आणि लोकरीचं दुकान. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. संध्याकाळी साडेसातला दुकान बंद करून ती बारमध्ये यायची, काउंटरशी उभी राहायची, एक लाल, संत्रं नाही, एक हिरवं ऑलिव्ह. पेला पंचवीस मिनिटं पुरवायची आणि सरळ घरी. जून महिन्यात एकदा तिची नजर शेजारच्या ओत्तोरिनोच्या पेल्यावर गेली.

"ओत्तोरिनो, हे सरबत तुम्हाला डॉक्टरांनी लिहून दिलंय का?"

सगळा बार हसला. ओत्तोरिनोही हसला. आणि बाहेर आल्यावर माझी बाही धरून म्हणाला, "फेरुच्चो, ती माझ्याशी बोलली."

"ती तुझी टिंगल करत होती."

"हो, पण माझं नाव घेऊन!"

असंच सगळं सुखाने चाललं असतं, पण ऑगस्टच्या मध्याला निवेसच्या दुकानावर पाटी लागली: "दुकान बंद होत आहे. सर्व माल निम्म्या भावात." तीस सप्टेंबरला कुलूप, मग तिकडे कुनेओला, डोंगरात, बहिणीकडे कायमचं. ओत्तोरिनोने त्या दिवशी चाळीस बटणं विकत घेतली. त्याच्या एकाही शर्टाला बटण कमी नव्हतं.

"मला तिला एकदा विचारायचंय," तो म्हणाला.

"मग विचार. काउंटरशी उभी असते रोज."

"उभ्याने नाही. टेबलाशी बसून."

मी चमकलो. आमच्या गावात काउंटरशी कुणीही कुणाबरोबर उभं राहावं, महापौर आणि बोंबलत मासे विकणारी, कुणाचं काही जात नाही. बाहेरच्या टेबलांशी बसतात ते पर्यटक, बाबागाडीवाल्या आया, आणि गावाला काहीतरी जाहीर करायचं असलेली माणसं. पोक्त वयाचे एक बाई आणि एक बाप्या टेबलाशी बसले की दुसऱ्या दिवशी पाद्री लग्नाला कोणता महिना धरलाय ते विचारतो.

"आणि बसल्यावर पिणार काय? सरबत?"

"तेच तर," ओत्तोरिनो खिन्न होऊन म्हणाला. "मला लाल प्यायला शिकव."

बेत असा ठरला. रोज सकाळी तो लोरिसकडे निवेसच्या लाल पेल्याचे पैसे भरणार, म्हणजे तिच्या मनात कुतूहल जागं होणार. संध्याकाळी मात्र त्या बारमध्ये पाऊलही टाकायचं नाही. मासळी बाजाराशेजारच्या नानेच्या बारमध्ये माझ्यासमोर बसून कडूचा अभ्यास. चेहरा वाकडा न करता एक अख्खा पेला जमला, की इस्त्रीचा शर्ट घालून कोर्सोवर.

पहिल्या संध्याकाळी त्याने एक घोट घेतला आणि त्याचा डावा डोळा मिटला, उजवी भुवई केसांत गेली, आणि एक कान, शपथेवर सांगतो, हलला. नानेने काउंटरमागचा आरसा त्याच्याकडे वळवला. "घे, तुझं तूच बघ. माझी गिऱ्हाइकं पळवशील."

"अरे, रादिक्यो खाऊन वाढलास तू," मी म्हणालो. "आपल्या मातीतली भाजी सुद्धा कडूच की."

"त्यावर तेल असतं, व्हिनेगर असतं, आई असते!"

मी त्याला माझ्या मामाने शिकवलं तसं शिकवायला बसलो. पेला बर्फाने काठोकाठ भरायचा. इथे त्यालाच माझी शिकवणी घ्यावीशी वाटली: "दोन खडे टाकले की ते घाबरतात आणि लगेच विरघळतात. गर्दी असली की बर्फ धीर धरतो." बरं. मग आधी फेसाळती वाइन, मग ते कडू लाल मद्य, शेवटी सोड्याचा एक फवारा. चमच्याने घुसळायचं नाही, तळातून एकदाच वर उचलायचं. मग ऑलिव्ह बुडवून दोन मिनिटं गप्प बसायचं. पोट रिकामंही नको, भरलेलंही नको. आणि प्रत्येक घोटाआधी काहीतरी खारट: कांदा-व्हिनेगरमधला सार्डिन मासा, तळलेला छोटा मांसाचा गोळा, काहीच नसेल तर काचरी. खाऱ्यानंतर कडू येतं ते पाहुण्यासारखं येतं. पहिल्या घोटाशी जीभ भांडते, दुसऱ्याला ऐकून घेते, तिसऱ्याला स्वतःच बोलावते. आणि तेव्हा भूक लागते. सगळी गंमत त्या भुकेत आहे. कडू पिऊन ज्याला रात्रीच्या जेवणाची आठवण येत नाही, त्याने ते फुकट प्यायलं.

"कळलं?"

"कळलं," ओत्तोरिनो म्हणाला, आणि नाक दाबून पेला एका दमात रिकामा केला.

"अरे सावकाश!"

"सावकाश प्यायलं की चव लागते!"

तिकडे सकाळच्या बातम्या मात्र अशा येत होत्या की त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. तो रोज लोरिसला विचारायचा आणि मला दुपारी संस्थेत येऊन सांगायचा.

"फेरुच्चो, आज तिने दोन ऑलिव्ह मागितली."

"बरं."

"काल ती गुणगुणत होती. लोरिस म्हणाला, पेला संपेपर्यंत गुणगुणत होती."

"निवेस? ती तर देवळात सुद्धा नुसते ओठ हलवते."

"तेच! बदलतेय ती!"

दुसऱ्या आठवड्यात तो धावतच आला. मी महिनाअखेरचा मेळ घालत होतो. तो माझ्या कागदांवरच बसला.

"तिने डोळा मारला."

"कुणाला?"

"लोरिसला."

"मग तू का नाचतोयस?"

"अरे, माझ्यासाठी मारला! लोरिस निरोप्या आहे ना!"

आणि तिसऱ्या आठवड्यात: "काल काय म्हणाली माहितेय? म्हणाली, दात असते तर बर्फ सुद्धा चावून खाल्ला असता."

मी पेन खाली ठेवलं. "निवेसचे दात चांगले बत्तीसच्या बत्तीस आहेत."

"म्हणूनच तर विनोद आहे तो!" ओत्तोरिनो टेबलावर थाप मारून म्हणाला. "काय थट्टेखोर बाई आहे! इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता!"

खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती. पण आनंदाने फुगलेल्या माणसाला टाचणी लावायची हिंमत होत नाही, शिवाय मेळ लागत नव्हता.

११ सप्टेंबरला, शुक्रवारी, नानेकडे त्याने आरशासमोर उभं राहून पेला घेतला. डोळा जागेवर, भुवई जागेवर, कान स्तब्ध. एका दमातच प्यायला, पण चेहरा संगमरवरी. नानेने टाळ्या वाजवल्या. बाजारातल्या दोन माणसांनी टोप्या काढल्या.

शनिवारी संध्याकाळी मी त्याला पूल ओलांडून कोर्सोवर घेऊन गेलो. निळा शर्ट, नवी चार बटणं, केसांना पाणी. बेत असा, की साडेसातच्या आधी टेबल धरायचं आणि निवेस आली की उठून खुर्ची ओढायची. कोर्सो भरून वाहत होता. अर्धा गाव हातात पेला घेऊन उभा होता, उरलेला अर्धा त्यांच्यामधून फेऱ्या मारत होता.

बारच्या अगदी मधल्या टेबलाशी आमाबिले बोस्कोलो खेकडा बसली होती. वय एक्क्याऐंशी. साठ वर्षं बाजारात कालवं विकलेली, आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्यावरची कुत्री उठतात. आज कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. तिच्यासमोर लाल पेला, पेल्यात दोन ऑलिव्ह. तिने ओत्तोरिनोला पाहिलं आणि समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"आलास? बस. चार आठवडे पाजलंस, आता तोंड तरी दाखव."

ओत्तोरिनो माझ्याकडे वळला. मी लोरिसकडे पाहिलं. लोरिस दारातून आमच्याकडे बघत, कामगिरी फत्ते झाल्यासारखा दोन्ही अंगठे वर करून उभा होता.

"आमाबिलेबाई," ओत्तोरिनो कसाबसा म्हणाला, "म्हणजे, तो पेला..."

"रोज साडेसहाला. 'बोस्कोलो बाई, पैसे झालेत.' बस रे, मान दुखते माझी वर बघून. तुझी आई असती तर तुला सांगितलं असतं, म्हातारीला ताटकळत ठेवू नये म्हणून."

आईचं नाव निघाल्यावर तो बसला. मधल्या टेबलाशी, शनिवारी, अख्ख्या कोर्सोसमोर. आजूबाजूचे आवाज आधी कमी झाले आणि मग दुप्पट झाले. "डुलकी! खेकड्याशी!" असं कुणीतरी इतक्या आनंदाने ओरडलं की वरच्या खिडक्या उघडल्या. औषधवाला त्याच्या दुकानातून धावत बाहेर आला, एका हातात कुणाची तरी खोकल्याची बाटली तशीच. कुणीतरी विचारलं, "महिना कोणता धरलाय?" ओत्तोरिनोने टेबलावरची काचऱ्यांची वाटी अंगाशी घेतली आणि बुडणाऱ्या माणसासारखा तिला धरून बसला.

आणि नेमकी तेव्हा निवेस दुकानाची जाळी खाली ओढून रस्ता ओलांडत आली. तिने टेबल पाहिलं. पावलं मंदावली. मग तोंड वळवून ती सरळ काउंटरकडे निघाली.

मी हे आयुष्यभर विसरणार नाही: ओत्तोरिनोचा चेहरा, जो एक पेला गिळताना संगमरवरी राहिला होता, तो आता पहिल्या दिवसासारखा झाला. डोळा, भुवई, कान, सगळं.

"ए निवेस!" आमाबिलेने कालवं विकायच्या आवाजात हाक मारली. "टोपीची निवेस! इकडे ये. हे तुझं आहे."

निवेस थांबली. कोर्सोही थांबला.

"माझं काय?"

"हा माणूस. पेले तुझ्यासाठी होते, आले माझ्याकडे. त्या रोविगोवाल्याला एक बोस्कोलो दुसरीपासून ओळखता येत नाही, त्याचा काय दोष."

"तुम्हाला कळलं होतं?" मी न राहवून विचारलं.

"हिशेबनीस, मला साठ वर्षांत कुणी फुकट पाजलेलं नाही, चुकून सोडून. दुसऱ्याच दिवशी कळलं. चार चौकशा केल्या. रोज सकाळी हा येतो, आणि दुपारी जाऊन बटणं घेतो. उरलेलं माझं मांजर सुद्धा सांगेल."

"मग बोलला का नाहीत, बाई?" ओत्तोरिनो कळवळून म्हणाला.

"बोलले असते तर पेला बंद झाला असता." तिने शांतपणे एक ऑलिव्ह तोंडात टाकलं. "शिवाय मला वाटलं, बघू किती दिवस टिकतो. टिकलास. ऊठ, तिला खुर्ची दे."

ओत्तोरिनो उठला. खुर्ची ओढताना ती औषधवाल्याच्या पायावर आली. तो ओरडला नाही, इतका रंगून बघत होता. निवेस क्षणभर उभी राहिली. मग तिने पर्स टेबलावर ठेवली आणि बसली.

वरच्या खिडकीतून कुणीतरी टाळी वाजवली.

लोरिसने धावत दोन लाल आणले. ओत्तोरिनोने निवेसच्या डोळ्यांत बघत तिच्या पेल्याला पेला टेकवला, आमच्या गावात डोळ्यांत न बघता पेला टेकवणं अशुभ, आणि चार आठवड्यांची सगळी विद्या एकवटून तो पेला एका दमात, बर्फ खळखळत, संपवला. चेहरा ढिम्म.

"हे काय?" निवेस म्हणाली.

"लाल," तो म्हणाला. "मी आता लाल पितो."

"पिता कुठे? जुलाबाचं औषध घेतल्यासारखं ढोसलंत. तुम्हाला आवडतं तरी का?"

ओत्तोरिनोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबाच्या माणसासारखं आकाशाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही आवडलं नाही. पण तुम्ही कुनेओला जाणार, आणि तिथे तुमच्याशेजारी कोण उभं राहणार ते मला माहीत नाही. तुम्ही जाऊ नका, एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी बसायला हवं होतं, आणि बसायचं तर सरबत घेऊन कसं बसायचं?"

असं लांबलचक वाक्य तो शाळेत असताना सुद्धा बोलला नव्हता. आमाबिलेने दुसरं ऑलिव्ह खायचं थांबवलं.

निवेसने आपला पेला हातात घेऊन जरा फिरवला. मग मान वळवून म्हणाली, "लोरिस, यांना अजून एक. बर्फ भरपूर. आणि सार्डिन आण." आणि ओत्तोरिनोकडे वळून: "आता मी सांगते तसं. आधी सार्डिन खा. हं. आता एवढासा घोट. गिळू नका! तोंडात ठेवा. काय लागतंय?"

"कडू."

"मग?"

"...संत्र्याची साल."

"मग?"

त्याने डोळे मिटले. यावेळी दोन्ही. "भूक लागली," तो आश्चर्याने म्हणाला. "निवेसबाई, मला भयंकर भूक लागली!"

ती हसायला लागली. पर्समध्ये तोंड घालून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसली. तिला असं हसताना मी तिच्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही. दुसरा पेला त्याने तासभर पुरवला. शेवटच्या घोटापर्यंत त्याचा कान एकदाही हलला नाही, आणि शेवटचा घोट त्याने निवेसने सांगायच्या आधीच घेतला. कुनेओचा विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बहीण कुठे पळून जातेय? आणि तिकडे थंडी फार."

"बर्फाचं मला सांगा ना," ओत्तोरिनो म्हणाला.

सोमवारी दुकानावरच्या पाटीतला वरचा अर्धा भाग कात्रीने कापलेला होता. "सर्व माल निम्म्या भावात" तेवढं उरलं, आणि तेही पुढे महिनाभरच राहिलं, कारण ती पाटी बघायला येणाऱ्यांनी इतकी बटणं नेली की मालच संपला.

आता त्यालाही वर्ष झालं. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. दर शनिवारी ते दोघे मधल्या टेबलाशी बसतात, पाद्री येताजाता घड्याळाकडे बोट दाखवतो, आणि निवेस म्हणते, "बघू." ओत्तोरिनो नारिंगीकडे वळूनही बघत नाही, उलट परवा नवख्या माणसाला, "हे सरबत डॉक्टरांनी दिलंय का?" असं विचारताना मी त्याला ऐकलं. त्यांच्या टेबलाला तिसरी खुर्ची असते ती आमाबिलेची. तिच्या लाल पेल्याचे पैसे रोज सकाळी भरले जातात, आणि लोरिस आता प्रत्येक बोस्कोलो बाईला विचारतो, "कुठल्या?"

आरशासमोरच्या परीक्षेच्या त्या शुक्रवारी, नानेकडे, पैसे द्यायची पाळी माझी होती. मी खिशात हात घातला तेव्हा नानेने हनुवटी वर केली. ओत्तोरिनोने आधीच भरले होते. त्यानंतर मी कधीही गेलो तरी निवेसने माझे भरलेले असतात, त्यामुळे माझी पाळी आलीच नाही.

११ सप्टेंबर २०१५ च्या एका लाल पेल्याचे दोन युरो पन्नास सेंट मी ओत्तोरिनो तिओत्सोला अजून देणं लागतो.